आठ मिनिटांचा पेपर: काय सांगायचं आणि काय गाळायचं

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी एमडी मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. राज्य परिषदेत माझा पहिलाच पेपर लागलाय. विषय, आमच्या जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांत आलेले सर्पदंशाचे रुग्ण. बोलायला आठ मिनिटं, प्रश्नांना दोन. थिसिस ११८ पानांचा आहे आणि स्लाइड आत्ताच ३४ झाल्यात. गाइड म्हणतात कमी कर, पण काय कमी करू तेच कळत नाही. शिवाय माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, स्टेजवर इंग्रजी बोलताना अडखळते. परिषद तीन आठवड्यांवर आलीय."

आधी ती ३४ स्लाइडची फाइल बंद कर आणि निदान चार दिवस उघडू नकोस. ती उघडी असेपर्यंत तू त्यातली एक काढशील, दोन जोडशील, रंग बदलशील आणि तीन आठवडे त्यातच जातील. पेपर स्लाइडवर तयार होत नाही. तो कागदावर तयार होतो, आणि त्याची सुरुवात एका वाक्यापासून होते.

हे मी माझ्या पहिल्या पेपरवरून सांगते. १९९७ साल होतं, विषय होता सेरेब्रल मलेरिया, म्हणजे मेंदूवर परिणाम करणारा मलेरिया. तेव्हा स्लाइड म्हणजे खरोखरच्या ३५ मिलिमीटरच्या, फोटो स्टुडिओत करून घेतलेल्या, निळ्यावर पांढरी अक्षरं. मी एकोणीस केल्या होत्या. अकराव्या स्लाइडला घंटा वाजली, बाराव्याला चेअरपर्सननी "थँक यू डॉक्टर" म्हटलं आणि मी खाली उतरले. बाहेर चहाच्या टेबलाशी गडचिरोलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर मला भेटायला मुद्दाम थांबले होते. म्हणाले, "मॅडम, सगळं ऐकलं. पण उद्या माझ्याकडे पेशंट आला तर मी वेगळं काय करू?" त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. सतराव्या स्लाइडवर होतं. ते एवढ्या लांबून आले आणि त्यांना हवं होतं तेच ऐकायचं राहिलं, याची बोच मला आजही आहे. त्या दिवसापासून मी कुठल्याही पेपरची तयारी त्यांच्या प्रश्नापासून करते.

तूही तेच कर. एका कोऱ्या कागदावर लिही: ग्रामीण रुग्णालयात रात्री एकटा ड्यूटीवर असलेला मेडिकल ऑफिसर माझा पेपर ऐकून गेला, तर पुढच्या सर्पदंशाच्या वेळी तो वेगळं काय करेल? उत्तर एका वाक्यात यायला हवं आणि त्या वाक्यात क्रियापद हवं. "सर्पदंश ही एक महत्त्वाची आरोग्य समस्या आहे" हे वाक्य चालणार नाही, त्यात कुणी काही करत नाही. "विषबाधेची लक्षणं दिसली तर प्रतिविषाच्या पहिल्या दहा व्हायल (कुप्या) तिथेच सुरू करा आणि मग रेफर करा" हे चालेल, अर्थात तुझे आकडे त्याला आधार देत असतील तर. कदाचित तुझी आकडेवारी दुसरंच सांगत असेल. रात्री जमिनीवर झोपलेले, पोटात दुखतंय म्हणून आलेले आणि मण्यारचा दंश आहे हे उशिरा लक्षात आलेले रुग्ण जास्त दगावले असतील. मग तुझं वाक्य वेगळं होईल. पण एकच ठेव. दोन झाली तर ऐकणारा दोन्ही विसरतो, हे मी चेअरपर्सनच्या खुर्चीत बसून शेकडो पेपरांत पाहिलंय.

वाक्य सापडलं की काय गाळायचं हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. थिसिसमधली प्रत्येक गोष्ट त्या वाक्याजवळ नेऊन ठेव. तिच्याशिवाय वाक्य पटत नसेल तर ती राहील. नुसती शेजारी शोभत असेल तर जाईल. तीन वर्षं रजिस्टरं चाळून काढलेला वयोगटांचा तक्ता, हंगामानुसार रुग्णसंख्या, डाव्या पायाला किती आणि उजव्या पायाला किती, हे सगळं गाळताना जीव तुटतो, मला माहीत आहे. त्यासाठी रात्री जागलेल्या असतात. पण ती मेहनत थिसिसमध्ये सुरक्षित आहे, परीक्षकांनी ती पाहिली आहे. हॉलमध्ये बसलेल्या माणसाकडे फक्त आठ मिनिटं आहेत.

प्रस्तावना तर जवळजवळ पूर्ण काढ. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. हे आकडे खरे आहेत, महत्त्वाचेही आहेत. पण तुझ्या सेशनमध्ये सर्पदंशावर आणखी दोन पेपर असले तर हेच आकडे तिथे तीनदा ऐकवले जातील. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे फोटोही तीनदा येतील. समोर सगळे डॉक्टर आहेत, त्यांना चार साप पाठ आहेत. एक आकडा घे, एका वाक्यात सांग आणि पुढे जा.

त्याऐवजी सुरुवात एका रुग्णाने कर. संध्याकाळी सातला शेतात पायाला घोणस चावली, आठला ग्रामीण रुग्णालयात पोचला, तिथून एकही व्हायल न देता पुढे पाठवला, साडेअकराला तुमच्या कॅज्युअल्टीत आला तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं. असा कुणीतरी तुझ्या यादीत असणारच, त्याला शोध. नाव नाही, गाव नाही, फक्त वेळा. तीस-चाळीस सेकंद. समोरच्या प्रत्येकाने हा रुग्ण कधी ना कधी पाहिलेला असतो, त्यामुळे लगेच हॉल शांत होतो. "रिस्पेक्टेड चेअरपर्सन्स, माय एस्टीम्ड टीचर्स, डिअर कलीग्स" यात पाऊण मिनिट घालवू नकोस. "गुड आफ्टरनून" पुरे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या व्याख्यानांची जुनी प्रथा आहे. जानेवारी १८९७ मध्ये जगदीशचंद्र बोस तिथेच बोलले होते. तिथे वक्ता ठरल्या ठोक्याला आत येतो आणि कुणाचेही आभार न मानता, कसलंही प्रास्ताविक न करता सरळ विषयाला हात घालतो. ऐकणाऱ्याचा मान राखण्याची ही पद्धत मला फार आवडते.

आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. मी अशी वाटणी करते: रुग्ण ४० सेकंद, काय पाहिलं आणि कसं पाहिलं यासाठी एक मिनिट, निष्कर्ष चार मिनिटं, मर्यादा एक मिनिट, शेवटचं वाक्य ४५ सेकंद. झाली साडेसात मिनिटांच्या आत. उरलेला वेळ माइक नीट करायला, स्लाइड अडकायला, एखादा शब्द पुन्हा उच्चारायला लागतोच. शब्दांत मोजशील तर ८०० च्या वर जाऊ नकोस. स्लाइड सात किंवा आठ.

आता स्लाइडकडे ये. स्लाइडचं शीर्षक म्हणून 'रिझल्ट्स' लिहायचं नाही. 'रिझल्ट्स' हे कपाटावरचं लेबल झालं, आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. जे सांगायचंय ते पूर्ण वाक्यात शीर्षकात लिही आणि खाली त्याचा पुरावा ठेव: एक आलेख, किंवा एक फोटो, किंवा चार ओळींचा तक्ता. शीर्षक वाचून खाली नजर गेली की माणसाला पटलं पाहिजे.

हे नुसतं नीटनेटकेपणासाठी सांगत नाही. कोलंबिया यानाची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. १६ जानेवारी २००३ ला यान उडताना इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअरांनी या धोक्याचा अभ्यास केला आणि तो स्लाइडवर वरिष्ठांपुढे मांडला. एका स्लाइडच्या शीर्षकावरून वाटत होतं की चाचण्यांचे निष्कर्ष सावध बाजूला झुकलेले आहेत, म्हणजे काळजीचं फारसं कारण नाही. त्याखाली ठिपक्यांच्या आत ठिपके. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट: आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घनइंचांचा होता आणि चाचणी झाली होती ती ३ घनइंचाच्या तुकड्यावर. म्हणजे ६४० पट फरक. जी चाचणी आधाराला घेतली ती या प्रसंगाला लागूच नव्हती, हे त्या स्लाइडवर लिहिलेलं होतं आणि तरीही दिसत नव्हतं. १ फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं. सात जण गेले, त्यात आपली कल्पना चावला. अपघात चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात तांत्रिक माहिती अशा स्लाइडमधून देण्याच्या सवयीवर स्वतंत्रपणे बोट ठेवलं. दुर्घटनेची कारणं अनेक होती, एकट्या स्लाइडवर खापर फोडता येणार नाही. पण तळाची ओळ शीर्षकात असती तर वाचणाऱ्याला थांबावं लागलं असतं, एवढं मला नक्की वाटतं.

त्याच स्लाइडवर 'सिग्निफिकंट' हा शब्द वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा होता आणि दर वेळी अर्थ निराळा. आपल्या पेपरांत हा शब्द याहून जास्त उधळला जातो. पी व्हॅल्यू, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता मोजणारा आकडा, ०.०५ च्या खाली आली की आपण 'सिग्निफिकंट' म्हणतो, आणि ऐकणारा समजतो की फरक मोठा आहे. तू असं करू नकोस. शंभरातले किती वाचले आणि किती गेले ते सांग, दोन्ही गटांत एकूण रुग्ण किती ते सांग, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) स्लाइडवर दिसू दे. टक्केवारीच्या आधी नेहमी मूळ संख्या. आठातले दोन म्हणजे २५ टक्के, पण २५ टक्के ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आठ माणसं येत नाहीत.

थिसिसमधला तक्ता उचलून स्लाइडवर चिकटवू नकोस. चौदा ओळी आणि सहा रकाने लावून "आय नो धिस इज नॉट व्हिजिबल, बट" म्हणणारे मी प्रत्येक परिषदेत पाहते. दिसत नसेल तर दाखवायचं कशाला? त्यातल्या दोन ओळी निवड, मोठ्या अक्षरांत नव्याने टाइप कर. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. लाल आणि हिरवा शेजारी वापरू नकोस, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी घे.

एक चांगला पेपर जवळून सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका फ्री पेपर सेशनला चेअर करत होते. एका रेसिडेंट मुलाचा पेपर होता, २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवर. तुला माहीतच आहे: शिरेतलं २ मिली ताजं रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करायची; रक्त गोठलेलं नसेल तर विष चढलंय असं धरायचं. त्याने स्लाइडवर फक्त एक फोटो लावला. वॉर्डातलं टेबल, मागे भिंतीवरचं घड्याळ, पुढे दोन तिरक्या नळ्या. दोन्हींत एकाच माणसाचं रक्त, त्याचं स्वतःचं, निरोगी. एका नळीत गोळा घट्ट बसलेला, दुसरीत रक्त पाण्यासारखं वाहत होतं. तो म्हणाला, "ही दुसरी नळी आमच्या वॉर्डात साबणाने धुऊन ठेवलेली होती." आणि सहा-सात सेकंद गप्प राहिला. काचेला रक्त लागलं की गोठण्याची क्रिया सुरू होते, साबणाचा अंश राहिला तर ती होत नाही. म्हणजे विष न चढलेल्या माणसाला आपण विषबाधा ठरवून उगाच प्रतिविष देणार. त्याचं शेवटचं वाक्य होतं, "नळी काचेची, नवी आणि कोरडीच वापरा." पुढच्या सोमवारी मी आमच्या कॅज्युअल्टीतल्या धुतलेल्या नळ्या काढून टाकायला लावल्या. त्या मुलाकडे रुग्णसंख्या फार नव्हती, इंग्रजीही साधंच होतं. पण काय दाखवायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि ती शांतता! नवखे लोक शांततेला घाबरतात आणि ती "सो", "बेसिकली" घालून भरून काढतात. महत्त्वाची स्लाइड आली की तू तीन सेकंद थांब. लोकांना वाचू दे, मग बोल.

फोटोंवरून आठवलं, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. रुग्णाचा चेहरा असेल तर लेखी संमती हवी, आणि ती परिषदेत दाखवण्यासाठी घेतलेली हवी. उपचाराच्या संमतीपत्रात ते येत नाही. पापण्या पडलेल्या दाखवायच्या तर डोळ्यांपुरता भाग घेतला तरी माणूस ओळखू येतो. सीटी स्कॅनच्या आणि एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय, आयपीडी नंबर असतो. तो काळा चौकोन ठेवून झाकू नकोस, फोटोच कापून घे. झाकलेला चौकोन फाइल उघडली की सरकवता येतो. एथिक्स कमिटीची मंजुरी एका ओळीत लिही.

आता इंग्रजीचं. मी सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले, त्यामुळे तुझ्या पोटात काय कालवतं ते मला कळतं. भाषण आधी मराठीत लिही. नाइट ड्यूटीला जरा निवांत वेळ मिळाला की वॉर्डातल्या सिस्टरना सांग. त्या मधेच विचारतील, "मग पहिली व्हायल कुठे द्यायची म्हणताय?" असा प्रश्न आला की समज, ती जागा अजून धूसर आहे. मराठीत जिथे अडतेस तिथे अडचण इंग्रजीची नसते, विचार पुरता झालेला नसतो. मराठीत सरळ सांगता आलं की मग इंग्रजीत आण, आणि छोट्या वाक्यांत आण. थिसिसमध्ये तू लिहिलं असशील, "डिले इन ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ अँटिव्हेनम वॉज असोसिएटेड विथ ॲन इन्क्रीज्ड इन्सिडन्स ऑफ ब्लीडिंग मॅनिफेस्टेशन्स." हे तोंडाने बोलायचं वाक्य नाही, मलाही एका दमात जमणार नाही. "पेशंट्स हू गॉट द फर्स्ट व्हायल लेट, ब्लेड मोअर." हे जमेल, आणि शेवटच्या रांगेतल्यालाही कळेल. 'एन्व्हेनोमेशन' (विषबाधा) वर जीभ अडखळत असेल तर 'बाइट' म्हण. पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन तोंडपाठ कर, झोपेतून उठवलं तरी यावीत अशी. मधलं पाठ करू नकोस. पाठ केलेलं मधेच तुटलं की पुन्हा जोडता येत नाही. स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्यात असेल तर तेच तुला पुढे नेईल. प्रश्न नीट कळला नाही तर "कुड यू प्लीज रिपीट" म्हण. महाराष्ट्राची परिषद आहे, उत्तरात एखादं वाक्य मराठीत किंवा हिंदीत गेलं म्हणून कुणी कमी लेखत नाही. निदान मी खुर्चीत असताना लेखू देत नाही.

आणि आपलं काम जिल्हा रुग्णालयातलं, समोर मोठ्या कॉलेजची मंडळी, हा विचार मनातून काढून टाक. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारं पाणी यांची नोंद ठेवत होते. त्यातूनच विंचूदंशात प्राझोसिन हे औषध वापरण्याचा उपचार पुढे आला, 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि कोकणात मरणारी कितीतरी माणसं वाचली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम महाड परिसरात होऊ शकलं याचं कारण लाल विंचू तिथे होता आणि पाहणारा डॉक्टरही तिथे होता. साप आणि शेतकरी तुझ्या जिल्ह्यात आहेत. मोठ्या शहरातल्या कॉलेजात सर्पदंश पोचतो तो तीन ठिकाणांहून रेफर होऊन. पहिले काही तास तू पाहतेस.

म्हणूनच मर्यादांच्या स्लाइडवर सबबी सांगू नकोस, खरी मर्यादा सांग. तुझ्याकडे आलेले रुग्ण म्हणजे जिवंत पोचलेले रुग्ण. वाटेत गेलेले आणि मांत्रिकाकडून परत न आलेले तुझ्या रजिस्टरमध्ये नाहीत. उशिरा आलेल्यांत जे टिकले तेच तुला दिसतात, त्यामुळे उशिराचं नुकसान तुझ्या आकड्यांत कमी दिसत असणार. हे तू आपणहून सांगितलंस तर निम्मे प्रश्न तिथेच संपतात, आणि चेअरपर्सन मान वर करून तुझ्याकडे बघतात.

सराव उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर घड्याळ लावून कर. मनातल्या मनात वाचलेले आठ मिनिटांचे पेपर स्टेजवर अकरा मिनिटांचे होतात. दहा वेळा कर. त्यातल्या निदान दोन वेळा अशा माणसापुढे, जो तुला तोडून बोलेल. गाइडना शेवटच्या आठवड्यात दाखवू नकोस, आत्ताच दाखव. शेवटच्या आठवड्यात गाइड नवी स्लाइड घालायला सांगतात, मीही माझ्या रेसिडेंटना हा त्रास देत असे. मग मी नियम केला की सात दिवस आधी फाइल गोठवायची.

तांत्रिक गोष्टी पटकन सांगते. फाइल १६:९ मध्ये कर. पेन ड्राइव्हवर, मेलवर आणि पीडीएफ करूनही ठेव. आदल्या संध्याकाळीच प्रीव्ह्यू रूममध्ये जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक स्लाइड उघडून बघ, व्हिडिओ असेल तर चालवून बघ. कुठे मराठी शब्द असेल, गावाची म्हण किंवा रुग्णाचं वाक्य, तर तो युनिकोडमध्येच टाइप कर. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली देवनागरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर चिन्हांचा काला होऊन बसते. हल्ली बऱ्याच हॉलमध्ये एलईडी वॉल असते, तिच्यावर लेझर पॉइंटर नीट दिसत नाही, माऊसचा बाण वापर. पॉइंटर वापरावा लागलाच तर कोपर पोडियमवर टेकव, हात थरथरणार नाही. आणि पडद्याकडे वळून बोलू नकोस. पोडियमचा माइक जागेवर राहतो, तुझं तोंड वळलं की आवाज जातो आणि मागच्यांना फक्त तुकडे ऐकू येतात. दाखव, थांब, परत समोर वळ, मग बोल.

प्रश्नांच्या दोन मिनिटांची तयारी आजच सुरू कर, कारण सर्पदंशावरचे प्रश्न ठरलेले असतात. साप ओळखला कसा? (बहुतेकदा साप दिसलेलाच नसतो, लक्षणांवरून ठरवलं, हे प्रामाणिकपणे सांग.) प्रतिविषाची रिॲक्शन किती जणांना आली आणि त्यावरचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी तयार ठेवलेलं होतं का? दहाच व्हायल का, कमी डोसने भागतं त्याचं काय? मण्यारच्या रुग्णांना निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग नागाच्या रुग्णांइतका का झाला नाही? या चारांची उत्तरं प्रत्येकी वीस सेकंदांत बसव आणि शेवटच्या स्लाइडनंतर त्यांच्या तीन-चार जादा स्लाइड लपवून ठेव. विचारलं तर उघड. एखादे ज्येष्ठ सर प्रश्नाऐवजी भाषण करतील. पूर्ण ऐक, त्यातला एक मुद्दा उचल, त्यावर एक वाक्य बोल. माहीत नसेल तर "हे आम्ही पाहिलेलं नाही" म्हण. ते म्हणताना मान खाली घालायचं कारण नाही.

कुणी खोडून काढलंच, तर ११ जानेवारी १९३५ आठव. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चोवीस वर्षांच्या सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांनी श्वेत बटू ताऱ्यांच्या, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यांच्या, वस्तुमानाला मर्यादा असते हे मांडलं. लगेच पाठोपाठ आर्थर एडिंग्टन उठले. त्या काळातलं खगोलशास्त्रातलं सर्वांत वजनदार नाव. त्यांनी ते सगळं हास्यास्पद ठरवलं आणि सभागृह एडिंग्टन यांच्या बाजूने हसलं. चंद्रशेखर यांना तिथे उत्तर द्यायची संधीही मिळाली नाही. पण गणित त्यांच्या बाजूने होतं, ते छापलेलं होतं, आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तुझं रजिस्टर नीट असेल तर हॉलमधल्या दोन मिनिटांत काय होतं त्याने ते बदलत नाही. आवाज चढवू नकोस, "थँक यू सर, मी पुन्हा तपासते" म्हण, आणि खरंच तपास.

हॉलमध्ये बारा माणसं असतील, त्यातली आठ स्वतःच्या पेपरची वाट बघत असतील. जेवणानंतरचं सेशन असेल तर त्याहून कमी. त्या बारांपैकी एकाकडे बघून बोल, जो तालुक्याच्या ठिकाणाहून आलाय असं वाटेल त्याच्याकडे. आणि आपला पेपर झाला की बॅग उचलून निघू नकोस, सेशन संपेपर्यंत बस आणि संपल्यावर दाराशी पंधरा मिनिटं थांब. अर्ध्या पानावर तुझं ते एक वाक्य आणि खाली डोसचं वेळापत्रक छापून वीसेक प्रती जवळ ठेव. तुझ्याकडे कुणी ना कुणी येतंच. नळीवरच्या त्या पेपरनंतर एक जण आले होते, शर्टाच्या खिशात परिषदेचं पेन, हातात चहाचा कागदी कप. त्या मुलाला त्यांनी एवढंच विचारलं, "काचेच्या नळ्या तुम्ही मागवता कुठून?" त्याने कागदाच्या मागे पत्ता लिहून दिला.